मारुती रोडमागच्या चाचांना

चाचा,

परवा तुमच्या दुरुस्तीच्या दुकानाचं शटर खाली दिसलं. शेजारचा पानपट्टीवाला म्हणाला, मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, महिनाभर तरी दुकान उघडायचं नाही. तिथंच उभी असताना लक्षात आलं, 2019 पासून मी तुमच्याकडे येतेय, पण आभार कधी मानलेच नाहीत. म्हणून हे चारचौघांत लिहितेय. तुमचं नाव घालत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही.

त्या ऑगस्टात सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. 45 फुटांना धोक्याची पातळी म्हणतात. गावभागातला आमचा तळमजला गेला. पाणी उतरल्यावर गल्लीत दोन्ही बाजूंना ढीग लागले, गाद्या, कपाटं, टीव्ही, पंखे, मिक्सर. आणि गाळाचा तो वास. पुढच्याच आठवड्यात हप्त्यावर नवा फ्रिज, नवा टीव्ही देणाऱ्यांचे कागद दारोदार फिरायला लागले. लोकांच्या डोळ्यांतलं पाणी अजून खळलं नव्हतं.

तोवर मी चौदा वर्षं एका पक्षाच्या महिला आघाडीत होते. सभेला बायका जमवायच्या, मतदारांच्या चिठ्ठ्या घरोघर पोचवायच्या, संक्रांतीला साहेबांच्या नावानं हळदीकुंकू करून शेकड्यांनी प्लास्टिकचे डबे वाटायचे. मनापासून केलं मी ते. पुरानंतर गल्लीतल्या घरांची यादी घेऊन साहेबांच्या बंगल्यावर गेले. आमच्या निम्म्या गल्लीचे पंचनामेच झाले नव्हते. सकाळी दहापासून दुपारी तीनपर्यंत व्हरांड्यात उभी होते. आत खुर्च्या रिकाम्या दिसत होत्या. कुणी बस म्हटलं नाही. शेवटी गाडीत बसता बसता साहेब म्हणाले, "यादी पीएकडं द्या." त्या यादीचं पुढं काही झालं नाही. कर्नाटकातल्या अलमट्टी धरणाच्या उंचीवर भाषणं मात्र भरपूर झाली. नदीच्या निळ्या पूररेषेच्या आत, जिथं बांधकामाला मनाई असते, तिथं इमले कुणी उठवू दिले, यावर एक शब्द कुणी काढला नाही. पुढं साहेबांनी पक्षही बदलला.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंचा मिक्सर पिशवीत घालून मी तुमच्याकडे आले. खरं सांगायचं तर भंगारात किती येतील, एवढंच विचारायचं होतं. तुमचं दुकानही बुडालं होतं. पक्कड, पाने, तारेची बंडलं सगळं पोत्यावर वाळत घातलेलं. तुम्ही मिक्सर हातात घेतला, उलटा केला आणि म्हणालात, "ताई, दर पावसाळ्यात नदीकाठच्या मळीतल्या मोटारी बुडतात. शेतकरी काय फेकून देतो व्हय?"

मग तुम्ही उठलात. दुकानात एकच स्टूल होतं, तुमचं. ते खांद्यावरच्या फडक्यानं पुसलंत आणि गिऱ्हाइकाच्या बाजूला नाही, टेबलाच्या आत, तुमच्या बाजूला ठेवलंत. मला बसवलंत आणि स्क्रू ड्रायव्हर हातात दिलात. "उघडा तुम्हीच. चावत न्हाई त्यो." स्वतः तासभर उभे राहिलात, तेव्हा सत्तरीच्या आसपास असाल.

चाचा, आदल्या दिवशी पाच तास मी उभी होते, म्हणून ते स्टूल मला कळलं. माझे हात थरथरत होते. पहिला स्क्रू निघाला तेव्हा मला रडू आलं आणि तुम्ही न बघितल्यासारखं करून तार गुंडाळत बसलात. ते न बघणंसुद्धा मी विसरले नाही.

आधी स्वच्छ पाण्यानं गाळ धुवायचा. पुरतं वाळेपर्यंत प्लग लावायचा नाही. ऊन नव्हतं म्हणून तुम्ही लाकडी पेटीत शंभरचा बल्ब लावून मोटार शेकवलीत. मग सिरीजच्या दिव्यावर, म्हणजे मधे एक बल्ब जोडून, तपासणी. मोटारीतलं तारेचं वायंडिंग शाबूत होतं. ब्रश तेवढे बदलले. पैसे घेतलेत ब्रशचे. मिक्सर आजही चालतो.

त्यानंतर मी नवं घेण्याआधी उघडून बघायला लागले. सासूबाई सांगतात, त्यांच्या काळी कल्हईवाला, पिंजारी, छत्रीवाला दारावर यायचे, वस्तूला पुन्हा आयुष्य मिळायचं. आता आमच्या गल्लीत सहाजणी मिळून इस्त्री, पंखे, शेगडीचे बर्नर घरीच बघतो. संक्रांतीला वाण म्हणून जुन्या साड्यांच्या पिशव्या देतो. पक्षाचं काम सोडलं. मत देते, प्रश्न विचारते. पण व्हरांड्यात उभी राहत नाही. 2021 च्या जुलैत पाणी पुन्हा चढलं, तेव्हा पंखे मी स्वतः उतरवून वर नेले. एकही बुडाला नाही.

मोठ्या पदावरच्या माणसानं मदत केली तर बातमी होते. तुमच्यासारखी माणसं गिऱ्हाईक तुटेल याचा विचार न करता आपली विद्या देऊन टाकतात. सांगलीच्या बोळाबोळांतून अशी माणसं आहेत, तारेच्या आणि ऑइलच्या वासात बसलेली. हे गाव दोनदा गाळातून उठलं त्यात त्यांचे हात आहेत, असं मी अगदी खात्रीनं म्हणते.

डोळ्यांत औषध वेळेवर घाला. धूळ जाऊ देऊ नका, वाकून काम करू नका. शेजारच्या वहिनींचा टेबल फॅन मी उघडलाय, दांडा ज्यात फिरतो तो बुश घासलाय बहुतेक. दुकान उघडलंत की घेऊन येते. या वेळी स्टुलावर तुम्ही बसा, मी उभी राहून करते.

तुमची,
गावभागातली ताई