बाळंतीण घरी आल्यावर तिच्याकडे कोण जाणार?

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

मी धायरीत राहते. बाळ-बाळंतिणीची मालिश, अंघोळ, शेक-शेगडी ही कामं करते. नऱ्हे, आंबेगाव, नांदेड गाव आणि सिंहगड रस्त्याच्या सोसायट्या हा माझा पट्टा. शिक्षण दहावीपर्यंत, पण पेपर रोज वाचते. आपल्याकडे दवाखान्यांतल्या खाटा, बंद पडलेली मशीनं, डॉक्टरांच्या रिकाम्या जागा यांवर छापून येतं आणि ते यायलाच हवं. पण बाई दवाखान्यातून बाहेर पडून रिक्षात बसली, की पुढचा सव्वा महिना तिचं काय होतं, यावर मी फारसं वाचलेलं नाही. तो सव्वा महिना मी घराच्या आत असते, म्हणून हे पत्र.

बाळंतपण होईपर्यंत बाईची बऱ्यापैकी विचारपूस होते, हे आधी कबूल करते. नोंदणी होते, कार्ड मिळतं, दर महिन्याच्या 9 तारखेला गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, लोहाच्या गोळ्या मिळतात. 2011 पासून सरकारी दवाखान्यात बाळंतपण फुकट आहे, सिझर झालं तरी. औषधं, रक्त, जेवण आणि घरी सोडायला गाडीसुद्धा. पहिल्या बाळाला मातृवंदना योजनेचे 5000 रुपये हप्त्यांनी मिळतात, दुसरी मुलगी झाली तर 6000. माझ्या आईची सगळी बाळंतपणं घरात, कंदिलाच्या उजेडात झाली. त्यामुळे दवाखान्याचं महत्त्व मला कुणी सांगायला नको.

अडचण पुढची आहे. पहिल्या महिन्यात जी बाळं दगावतात, त्यांतली साधारण पाऊण पहिल्याच आठवड्यात जातात. बाईलाही अंगावर जास्त जाणं, ताप, टाके चिघळणं, झटके येणं हे धोके त्याच दिवसांत असतात. नेमकी तेव्हा ती घरी आलेली असते.

सरकारला हे माहीत नाही असं नाही. दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी आशाताईने, म्हणजे वस्तीतल्या सरकारी आरोग्य स्वयंसेविकेने, 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी जायचं असा नियम आहे. सिझर असेल तर बाई घरी आल्यावर भेटी सुरू करायच्या. बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, श्वास मोजायचा, नाळ बघायची, आईला दूध येतंय का, अंगावर किती जातंय ते विचारायचं. ही पद्धत आपल्याच महाराष्ट्रातून देशभर गेली. गडचिरोलीत डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून 39 गावांत ती राबवली. तिथले नवजात बाळांचे मृत्यू 62 टक्क्यांनी कमी झाले, हे 1999 साली जगापुढे आलं. थर्मामीटर, वजनकाटा, घड्याळ आणि शिकवलेली बाई, एवढ्यावर हे झालं. पुण्यात यातलं काय मिळत नाही?

नऱ्ह्यातल्या एका चाळीतलं सांगते. हिंगोलीकडचं जोडपं, नवरा सेंटरिंगच्या कामावर. पहिलं बाळ, सिझर झालेलं. आई यायची होती, पण सोयाबीन काढणीला आलेलं, ती अडकली. सासूला दम्याचा त्रास. शेजारच्या खोलीतल्या बाईने मला बोलावलं, म्हणाली, पैशाचं मी बघते, तुम्ही फक्त या.

पत्र्याची खोली, दारातच मोरी. पोरगी चटईवर भिंतीला टेकून बसलेली. नळ खाली, त्यामुळे कळशी तिलाच वर आणावी लागत होती. पोटावरची पट्टी ओली होऊन पिवळी पडलेली. जवळ बसले तर वास आला. कपाळाला हात लावला तर चटका बसावा असा ताप. बाळ तीन दुपट्यांत गुंडाळलेलं, सारखं झोपेत, प्यायला उठवलं तरी उठेना. दुपटं सोडून उजेडात नेलं, तर हाताचे आणि पायाचे तळवेसुद्धा पिवळे. कावीळ तळव्यांपर्यंत उतरली की थांबायचं नसतं. मी त्या दिवशी तेलाची वाटी उघडलीच नाही. तिची फाइल काढायला लावली आणि रिक्षा बोलावली.

फाइलवर पत्ता हिंगोलीचा, कारण आधारवर तोच. गंमत नाही सांगत, खरं सांगते: तिकडच्या गावच्या आशाताईचा तिला फोन येऊन गेला होता, बाळ कसं आहे, गावी कधी येताय म्हणून. त्या बाईने चारशे किलोमीटरवरून आपलं काम केलं. इथल्या आशाताईला मात्र ही खोली, हे जोडपं माहीतच नव्हतं, कारण कुणी कळवलंच नव्हतं. दवाखान्यात गेलो तर खिडकीवर पहिला प्रश्न, "नोंदणी कुठे केली होती? तिकडं न्या." मी हलले नाही. आतून एक सिस्टर आल्या, त्यांनी बाळाचा तळवा बघितला आणि पुढचं भराभर झालं. बाळ निळ्या लाइटखाली ठेवलं, आईच्या टाक्यांतला पू काढला, इंजेक्शनं सुरू केली. दोघं वाचली. त्या सिस्टरांचे उपकार आहेत. पण त्या वेळी त्या तिथे नसत्या तर?

इथल्या आशाताईला मी दोष देणार नाही. शहरात एका आशाताईकडे 200 ते 500 घरं असावीत असं धोरण आहे. धायरी, आंबेगाव 2017 साली महापालिकेत आले. नऱ्हे, नांदेड 2021 साली. त्यानंतर इथे किती इमारती उठल्या, किती चाळी वाढल्या, किती लोक खोल्या घेऊन राहिले हे डोळ्यांनी दिसतं. आशाताईंकडची घरांची यादी तेवढ्या वेगाने वाढत नाही. भाडेकरू अकरा महिन्यांनी खोली बदलतो. त्यात आशाताईंना सर्व्हे, लसीकरण, ऑनलाइन माहिती भरणं हे सगळं आहेच. या सहा भेटी पूर्ण केल्या की मोबदला 250 रुपये, आणि मोबदला रखडतो म्हणून त्यांना पुन्हा पुन्हा आंदोलनाला बसावं लागतं. जिच्या रिक्षाभाड्याची सोय नाही तिने तिसऱ्या मजल्यावरच्या भाडेकरूच्या बाळाचं वजन करायला काटा घेऊन जावं, असं आपण कोणत्या तोंडाने म्हणायचं?

आणि हे फक्त गरिबाघरचं दुखणं आहे असं कुणी समजू नये. धायरीतल्याच एका मोठ्या सोसायटीत मी जात होते. मुलगी आयटीतली, सहा महिने पगारी रजा, घरात एसी, पाळण्यावर कॅमेरा, सासू-सासरे दोघंही प्रेमळ. डिंकाचे लाडू, हळिवाची खीर, शेपा, कशाला कमी नाही. पण मी पाठीला तेल लावायला घेतलं की ती पालथ्या अंगाने गप्प रडायची. उशी भिजायची. एक दिवस म्हणाली, "मावशी, मला त्याला जवळ घ्यावंसंच वाटत नाही. मी नसले तर याचं बरं होईल." घरात सगळे म्हणत होते दूध कमी येतंय म्हणून रडते, होईल नीट. बाळंतपणानंतर आठ-दहा दिवस डोळ्यांना पाणी येणं मी कित्येक घरांत पाहिलंय, ते आपोआप ओसरतं. पण दोन आठवडे उलटून गेले, झोप नाही, बाळ नकोसं झालंय आणि स्वतः नसावं असं मनात येतंय, तर तो आजार आहे आणि त्याला औषध आहे. मी तिच्या नवऱ्याला जिन्यात थांबवून सगळं सांगितलं. तो शहाणा निघाला, त्याच संध्याकाळी डॉक्टरांकडे घेऊन गेला. मनाच्या आजारांसाठी सरकारची टेलिमानसची फोन लाइन आहे, 14416, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. हा नंबर मी आता प्रत्येक घरात सांगते, कारण दवाखान्यातून सोडताना तो बायकांना दिलेला मी पाहिलेला नाही.

त्याच सोसायटीत भांडी घासायला येणारी एक जण होती, तीही त्याच सुमारास बाळंत झाली. वरच्या मजल्यावरच्या बाईला 2017 पासून कायद्याने बाळंतपणाची 26 आठवड्यांची रजा मिळते. घरकाम करणारीला तो कायदा लागूच होत नाही. ती सव्वा महिना व्हायच्या आत कामावर आली, छाती दाटलेली, ब्लाउज ओला, बाळ सात वर्षांच्या बहिणीपाशी. तिला कुणी कामावरून काढलं नाही, पण त्या महिन्याचा पगारही कुणी दिला नाही. माझी सोसायट्यांतल्या सगळ्या ताईंना हात जोडून विनंती आहे, तुमच्या कामवालीला सव्वा महिन्याची पगारी रजा द्या. त्याला सरकारचा आदेश लागत नाही.

माझं माहेर शिरूर तालुक्यातलं. वढू बुद्रुकला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलने 1977 पासून जे ग्रामीण आरोग्याचं काम उभं केलं, ते मी लहानपणी पाहिलंय. केईएमच्याच डॉ. बानू कोयाजींचं त्यामागे मोठं बळ होतं. गावातल्याच बायकांना शिकवायचं आणि त्यांनीच घरोघर जायचं. माझी एक मावशी त्यात होती. तिला बाळंतिणीच्या घराचा पत्ता विचारावा लागत नसे आणि ती आली की घरची म्हातारी माणसंही ऐकायची. नाळेला हळद, राख, तेल काही लावायचं नाही, कोरडी ठेवायची, हे मी तिच्याकडून शिकले. बाळ अडीच किलोच्या खाली असेल तर मी त्याला अजूनही अंघोळीला घेत नाही, पुसून घेते आणि आईच्या उघड्या छातीशी ठेवायला सांगते. पाणी आधी माझ्या कोपराला, मग बाळाच्या अंगाला. कोंडलेल्या खोलीत धुराची शेगडी लावू देत नाही, सासूबाई रागावल्या तरी. माझ्यासारख्या मालिशवाल्या शेकड्यांनी या शहरात रोज सकाळी बाळंतिणींच्या घरी जातात. त्यांतल्या काही नाकात तेल सोडतात, डोकं दाबून गोल करतात, नाळेला काहीबाही लावतात, कारण त्यांना कुणी कधी शिकवलेलं नाही. महापालिकेने आम्हाला बोलवावं, चार दिवस शिकवावं, धोक्याच्या खुणा सांगाव्यात. आम्ही आनंदाने येऊ. आम्ही आशाताईच्या जागी नाही, पण तिला फोन तर करू शकतो.

याच पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाईंनी 1863 साली बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं. फसवल्या गेलेल्या विधवांनी यावं, सुरक्षित बाळंत व्हावं आणि बाळ ठेवून जायचं असेल तर ठेवून जावं, त्याला वाढवलं जाईल. त्यांनी दत्तक घेतलेला यशवंत तिथलाच. त्या बाईचं गाव कुठलं, पत्ता कुठला हे विचारून तिला परत पाठवलं असतं, तर यशवंत कुठे असता?

माझं मागणं फार खर्चाचं नाही. घरी सोडताना दवाखान्याने बाईला आधारवरचा पत्ता नाही, तर "आज रात्री कुठे झोपणार?" हे विचारावं आणि त्या भागातल्या आशाताईला त्याच दिवशी कळवावं. बाई सासरी, माहेरी, भाड्याच्या खोलीत, बांधकामाच्या साइटवर, जिथे असेल तिथे पहिल्या आठवड्यातली भेट व्हायलाच हवी. खासगी दवाखान्यांनाही हे बंधनकारक करावं, कारण माझ्या कामातल्या निम्म्याहून जास्त बायका तिथेच बाळंत होतात आणि त्यांच्याकडे तर कुणीच जात नाही. महापालिकेत आलेल्या गावांत आशाताईंच्या जागा आजची घरं मोजून भराव्यात आणि मोबदला दर महिन्याला हातात पडावा. बाळंतिणीला परत दवाखान्यात आणलं तर नोंदणी कुठली हे नंतर विचारावं, आधी तिला आत घ्यावं.

आणि डिस्चार्जच्या कागदावर मराठीत आणि हिंदीत, मोठ्या अक्षरांत, एवढं छापावं: ताप, घाण वास, तासाभरात पॅड भिजावं इतकं अंगावर जाणं, झटके, खूप डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, बाळ दूध ओढत नाही, थंड किंवा गरम लागतं, भराभर श्वास घेतं, तळवे पिवळे, नाळेभोवती लाली. यातलं काहीही दिसलं तर रात्र असली तरी निघा, गाडीसाठी 108 ला फोन करा. खाली आशाताईचा नंबर, पेनने लिहिलेला चालेल.

आपली वाचक,
धायरी, पुणे