टी-८० आली, आता तळ जपा

महोदय,

१९९८ ते २०२१ नौदलाच्या सेवेत असलेल्या ‘टी-८०’ या वेगवान युद्धनौकेला स्मारक म्हणून ठेवण्यासाठी कल्याणच्या खाडीकाठच्या दुर्गाडी किल्ल्याची निवड योग्यच. शिवकालीन आरमाराची ही जागा. खाडीतून नौका आणताना भरती फसवते: तळाला पाणी मिळते, पण पुलाखालची उंची घटते, म्हणून डोलकाठी आधीच उतरवलेली बरी. खरी काळजी काठावर आल्यानंतरची. नौकेचे कवच अॅल्युमिनियमचे. ते थेट लोखंडी आधारावर टेकले, तर खाऱ्या दमट हवेत आधी अॅल्युमिनियमच झिजते. मध्ये जाड रबर हवे आणि आधार आतल्या आडव्या भिंतींच्या बरोबर खाली, नाहीतर पत्रा दबतो. तळाची बुचे काढून ठेवावीत. तुंबलेले पावसाचे पाणी आतून पोखरते. तांबेयुक्त रंग तर अजिबात नको, त्यानेही अॅल्युमिनियम झिजते.

– एक वाचक, कल्याण