मीटर माझ्याकडं वळवून धरणाऱ्या अण्णांना

अण्णा, तुम्ही मराठी छान बोलता पण वाचायला तुम्हाला वेळ लागतो, तुमची सूनबाई निपाणीची, ती वाचून दाखवेल म्हणून लिहितेय. परवा तुम्ही ओव्हन चालू करून दिलात आणि मला धड थँक्यू पण म्हणता आलं नाही, गळा भरून आला होता, नुसतंच चहा घ्या, अजून थोडा चहा घ्या करत राहिले. मनात साठलंय ते आता सगळं लिहिते आणि सगळ्यांसमोर लिहिते, कारण बेळगावात अशी माणसं आहेत हे लोकांना कळायला पाहिजे.

बाकीच्यांसाठी थोडं सांगते. मी शहापुरात घरातूनच केक आणि नानकटाई करून विकते. डिसेंबर म्हणजे माझा खरा सीझन, कॅम्पातल्या घरांतून नाताळच्या प्लम केकच्या ऑर्डरी येतात, मनुका, चेरी, काजू आधीपासून संत्र्याच्या रसात भिजत घातलेले असतात. आणि तो केक पटकन होणारा नव्हे, दीडशे डिग्रीच्या आसपास सावकाश भाजावा लागतो, गरम हवा सगळीकडं सारखी फिरली तरच आतपर्यंत होतो. ओव्हनच्या आत मागच्या जाळीच्या पत्र्याआड पंखा असतो, त्याच्याभोवती गोल कॉइल असते, पंखा फिरतो म्हणून कॉइलची उष्णता पुढच्या कोपऱ्यापर्यंत पोचते. पंखा थांबला की कॉइल जागच्या जागी तापत बसते, मागची बाजू करपते, पुढं कच्चं राहतं आणि फारच तापलं की कटऑफ, म्हणजे जास्त तापल्यावर आपोआप वीज तोडणारा स्विच, पडून सगळंच बंद. माझं अगदी हेच चाललं होतं. आधी बरेच दिवस किर्र किर्र आवाज, मग पंखा फिरायचाच बंद आणि नुसतं घूं घूं, आणि शेवटी ते घूं पण गेलं.

आता तुमच्या आधी आलेल्यांबद्दल. नावं घेत नाही, पण राग अजून गेलेला नाही. सर्व्हिस सेंटरवाला आला, ओव्हन न उघडताच म्हणाला बोर्ड गेलाय, म्हणजे आतल्या भागांना वीज सोडणारं सर्किट, या मॉडेलचा बोर्ड आता येत नाही, नवीनच घ्या. व्हिजिटचे पैसे घेऊन गेला. दुसरा एकजण आला त्यानं निदान उघडला तरी, पण पंख्याचा नट जोर लावून लावून असा फिरवला की त्याचे कोनेच झिजले, एक वायर उपसून काळी टेप गुंडाळली आणि तो पण बोर्डच म्हणाला. आणि दोघांनी पण माझ्याशी बोलणंच नाही हो! मी सांगतेय आवाज कधीपासून बदलला, आधी काय झालं मग काय झालं, रोज ओव्हनसमोर मी उभी असते, आणि ते माझ्या डोक्यावरून यांच्याकडं बघून बोलतायत, साहेब असं आहे, साहेब तसं आहे. आमच्या साहेबांना ओव्हनचं बटण कुठलं ते पण माहीत नाही. भिजवलेल्या फळांचे डबे ओट्यावर तसेच, ऑर्डरीचे ॲडव्हान्स घेतलेले, रात्री झोप लागेना झाली होती.

आणि तुम्ही आलात. उद्यमबागेत कारखान्यांच्या मोठमोठ्या मोटरींचं वाईंडिंग, म्हणजे आत तांब्याची तार गुंडाळायचं काम, करणारा माणूस माझ्या एवढ्याशा पंख्यासाठी येईल असं मला वाटलंच नव्हतं. आल्या आल्या स्क्रू ड्रायव्हर काढला नाही, खुर्चीवर बसलात आणि विचारलंत, अक्का, पहिल्यापासून सांगा, आवाज कसा होता? मी किर्र करून दाखवला तरी हसला नाहीत. सगळं ऐकून घेतलंत आणि म्हणालात, म्हणजे पंख्याच्या मोटरचा बुश, ज्यात तिचा दांडा फिरतो तो, तेल संपून सुकला, मग जाम झाला, जाम होऊनच तापत राहिला आणि वाईंडिंग जळलं असणार, पण अंदाजावर नको, बघूया.

मग जे केलंत ते मी जन्मात विसरणार नाही. मला लांब उभं केलंत, ओव्हन चालू करून पंख्याच्या वायरींवर वीज मोजायचं मीटर लावलात, आणि मीटर स्वतःकडं न धरता त्याची काच माझ्याकडं वळवलीत. नोडरी अक्का, म्हणजे बघा अक्का, किती आलं? मी वाचलं, दोनशे तीस व्होल्टच्या जवळपास. म्हणालात, म्हणजे बोर्ड वीज पाठवतोय, बोर्डला काय झालेलं नाही. मग स्विच बंद, प्लग बाहेर काढून माझ्या समोर ठेवलात, मोटरच्या वायरी सुट्या केल्या आणि मीटरच्या दोन्ही पिना माझ्याच हातात दिल्यात, आता तुम्ही लावा. मी लावल्या. मीटर काहीच दाखवेना, बीप नाही, आकडा नाही. म्हणालात, आतली तार तुटली, मोटर गेली. एवढंच! हातानं पंखा फिरवायला लावलात तर तो जागचा हलेना. दोन मिनिटांत मला स्वतःच्या डोळ्यांनी कळलं की काय बिघडलंय आणि काय बिघडलेलं नाही. इतके दिवस जो तो मला नुसता निकाल सांगत होता, पुरावा दाखवायची गरज एकालाही वाटली नाही. तुम्ही मीटरचं तोंड माझ्याकडं केलंत आणि मला वाटलं, माझ्या स्वयंपाकघरातल्या माझ्या ओव्हनबद्दल कुणीतरी मला विचारात घेतलं. छोटी गोष्ट आहे, तुमच्या लक्षात पण नसेल. मला त्यानंतर रडूच आलं, ते तुम्ही बघितलंत आणि बघितलं नाही असं केलंत, त्याबद्दल पण थँक्यू.

पुढचं सगळं तुमच्या हाताला सवयीचं. झिजलेला नट तुम्ही आधी हळूच चाचपलात आणि म्हणालात ह्याचे आटे उलटे आहेत, बऱ्याच ओव्हनच्या पंख्याला असेच असतात, म्हणजे पंखा फिरताना नट सैल होत नाही, आधीचा माणूस सोडवायला म्हणून आवळत होता. घड्याळाच्या दिशेनं फिरवलात तर निघाला! कंपनीची मोटर मिळेना तर तशीच दुसरी हुबळीहून बसच्या पार्सलनं मागवलीत, शाफ्टची म्हणजे फिरणाऱ्या दांड्याची लांबी, मोटर बसवायच्या पट्टीची भोकं, वॅट, फिरायची दिशा सगळं जुन्या मोटरशी जुळवून, कारण असली मोटर वायरी उलट्या जोडल्या म्हणून उलटी फिरत नाही, दिशा बघूनच घ्यावी लागते असं तुम्हीच सांगितलंत. बसवायच्या आधी नवी पण माझ्याकडून मीटरवर तपासून घेतलीत, सत्तर ओहमच्या आसपास आकडा आला, आणि एक पिन मोटरच्या बॉडीला लावून बघितली तर काहीच नाही, ते बघून म्हणालात आता शॉकची भीती नाही. ती काळी टेप काढून फेकलीत, ओव्हनच्या मागं ती वितळते आणि तारा उघड्या पडतात, तिथं उष्णता सोसणारी काचेच्या धाग्याची स्लीव्हच, म्हणजे तारेवर चढवायची नळीच, लागते. म्हणजे आधीच्या माणसानं नुसतं काम बिघडवलं नव्हतं, धोका करून ठेवला होता. माझी मुलगी त्या ओव्हनला टेकून उभी राहते हो.

आणि पैसे! मोटरचे आणि पार्सलचे घेतलेत, हाताचे इतके कमी सांगितलेत की मी परत विचारलं. म्हणालात, काम एवढंच होतं अक्का. आपल्या भागात भाषेवरून लोक किती बोलतात, पण माझ्या घरात तुम्ही निम्मं कन्नड निम्मं मराठी बोलत होतात, मी माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडमध्ये उत्तर देत होते, आणि कुणाचंच काही अडलं नाही. गल्लीत, बाजारात, दवाखान्याच्या रांगेत आपण सगळे असेच बोलतो की. चांगला माणूस समोरच्याचं आधी ऐकून घेतो, त्याला खोटं सांगून घाबरवत नाही, आणि जेवढं केलं तेवढ्याचेच पैसे घेतो. एवढं पण आजकाल किती अवघड होऊन बसलंय! नवीन ओव्हन घ्या म्हणायला कुणाचं काय जातं? ज्याच्या घरात ऑर्डरीवर मुलीची फी भरली जाते त्याला विचारा.

ऑर्डरी सगळ्या वेळेत गेल्या. केक पुढून-मागून एकसारखा रंग धरून निघाला, सुरी मधोमध घातली तर कोरडी बाहेर आली. तुमच्यासाठी एक वेगळा केलाय, बिनअंड्याचा, सोमवारी तुमच्याकडं उपवास असतो हे लक्षात आहे म्हणून मंगळवारी दुकानात आणून देते, नको म्हणू नका. जुनी मोटर तुम्ही माझ्याकडंच ठेवून गेलात ती घेऊन येते, त्यातलं तांबं तुमच्या कामाला येईल. आणि खानापूरच्या माझ्या नणंदेच्या ओव्हनला पण किर्र आवाज सुरू झालाय, तिला तुमचा नंबर दिलाय आणि सांगितलंय, प्लग काढून ठेव, अण्णा येईपर्यंत मागचा पत्रा कुणाला उघडू देऊ नको.

तुमची,
शहापुरातली केकवाली अक्का