रायफलीची अ‍ॅक्सेसरी आधी वापरून बघू द्या

महोदय,

मुलगी दहा मीटर एअर रायफल शिकू लागली, तेव्हा मी हौसेने नळीवर लावायची वजनं घेऊन आलो. रायफल ५.५ किलोंच्या मर्यादेतच होती, पण ६० शॉट्सच्या सरावात चाळिसाव्या शॉटनंतर तिचा डावा हात थरथरायचा. ते बघवत नसे. शेवटी वजनं काढली.

खरा फरक पडला फोरसाइटमधल्या, म्हणजे नळीच्या पुढच्या टोकावरच्या नेमसाधनातल्या, कडीने; तिच्यातून टार्गेट बघायचं असतं. टार्गेटचं काळं वर्तुळ ३०.५ मिलिमीटरचं, दहाचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा; म्हणून कडी जितकी लहान तितका नेम पक्का, अशी आमची समजूत. उलट झालं. काळ्याभोवती पांढरं पुरेसं दिसेना, ती श्वास धरून ताटकळायची आणि शॉट उशिरा सुटायचा. कडी मोठी केल्यावर मुलगी सैल झाली, शॉट्सचा गटही आवळला, म्हणजे शॉट्स जवळजवळ लागू लागले. बट (खांद्याला टेकणारा भाग) आणि चीकपीस (गाल टेकायचा भाग) यांचं माप मात्र अंगाला बसलंच पाहिजे, त्यात तडजोड नको.

प्रशिक्षण केंद्रांना कळकळीची विनंती आहे: वेगवेगळ्या कड्या आणि वजनं मुलांना महिनाभर वापरायला द्या, खरेदीची यादी त्यानंतर पालकांच्या हाती द्या.

– एका नेमबाज मुलीचा बाप