द्रौपदीने न उच्चारलेली दोन वाक्ये

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या रविवार पुरवणीत महाभारतातील व्यक्तिरेखांवर चाललेली चर्चा आणि तिच्यावर आलेली वाचकांची पत्रे मी लक्षपूर्वक वाचत आहे. युद्धाला जबाबदार कोण, या प्रश्नाचा माग काढताना बहुतेक पत्रलेखक फिरून फिरून द्रौपदीच्या जिभेपाशी येऊन थांबतात. स्वयंवरात तिने ‘सूताला मी वरणार नाही’ असे कर्णाला सुनावले, मयसभेत दुर्योधन पाण्यात पडल्यावर ‘आंधळ्याचा मुलगा आंधळाच’ असे ती म्हणाली, आणि पुढचे सगळे त्यातून घडले, असा या पत्रांचा एकंदर सूर आहे. माझा आक्षेप द्रौपदीविषयीच्या आदरातून आलेला नाही. एखाद्या पात्राच्या स्वभावाचा निवाडा त्याच्या बोलण्यावरून करायचा असेल, तर ते बोलणे त्याचेच आहे ना, एवढे तरी आधी पाहायला हवे, आणि या दोन्ही वाक्यांच्या बाबतीत ते पाहिले गेलेले नाही.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये हाती घेतलेली आणि १९६६ मध्ये संहितेपुरती पूर्ण केलेली महाभारताची चिकित्सित, म्हणजे अनेक पोथ्या ताडून पाठ ठरवलेली, आवृत्ती आज सहज उपलब्ध आहे. विष्णु सीताराम सुकथनकर यांनी संपादित केलेल्या तिच्या आदिपर्वात ‘नाहं वरयामि सूतम्’ हे वाक्य मुख्य संहितेत नाही. काही पोथ्यांतील अधिक मजकूर म्हणून ते तळटीपेत गेले आहे. संहितेत जे उरते ते अधिक विचार करायला लावणारे आहे. अर्जुन धनुष्याकडे निघतो तेव्हा जमलेले ब्राह्मण आपसात म्हणतात, की कर्ण आणि शल्य यांच्यासारख्या धनुर्वेदात मुरलेल्या बलवान राजांना जे वाकवता आले नाही, ते हा पोरसवदा ब्राह्मण कसे वाकवणार? म्हणजे या संहितेपुरते बोलायचे तर कर्णाला कोणी अडवलेले नाही. इतर राजांप्रमाणेच त्यालाही ते धनुष्य पेलले नाही. हा कर्ण अनेकांना आवडणार नाही, हे मला ठाऊक आहे.

मयसभेचा प्रसंग तर वाचनाच्या दृष्टीने याहून मोलाचा आहे, कारण तो सभापर्वात एकदा नव्हे, तीनदा येतो. आधी निवेदक तो सांगतो. दुर्योधन स्थळाला जल आणि जलाला स्थळ समजून फसतो, पाण्यात पडतो, आणि सेवक, भीम, अर्जुन, नकुल-सहदेव हसतात. या वर्णनात द्रौपदी कुठेच नाही. हस्तिनापूरला परतताना दुर्योधन शकुनीजवळ मन मोकळे करतो तेव्हा त्याचा खरा दाह युधिष्ठिराच्या ऐश्वर्याचा आहे. हसण्याचा उल्लेख तो करतो, पण हसणारे म्हणून त्याला राखणदार आठवतात. पुढे तोच दुर्योधन द्यूताला बापाची संमती मिळवण्यासाठी धृतराष्ट्रापुढे बसतो, आणि आता हसणाऱ्यांत कृष्ण येतो, अर्जुन येतो आणि ‘माझ्या मनाला व्यथा देत’ स्त्रियांसह हसणारी द्रौपदीही येते. श्रोता बदलला तशी हकीकत बदलली. दुर्योधन धडधडीत खोटे बोलतो आहे की अपमानाच्या आठवणीत त्याला खरोखरच तशी चित्रे दिसू लागली आहेत, हे व्यासांनी सांगितलेले नाही, आणि माझ्या मते हे न सांगणे हीच त्या व्यक्तिरेखेची घडण आहे. आंधळ्याच्या मुलाचा टोमणा मात्र या तिन्ही ठिकाणी नाही. स्वतःच्या आंधळ्या बापाला चिथावण्यासाठी याहून प्रभावी वाक्य दुर्योधनाला सापडले नसते. ते उच्चारले गेले असते तर त्याने ते धृतराष्ट्राला सांगितल्यावाचून सोडले असते का?

यावर काही जाणकार म्हणतील की मग प्रश्न मिटला, ही वाक्ये प्रक्षिप्त, म्हणजे मागाहून घातलेली आहेत, ती सोडून द्या. मला हेही पटत नाही. नंतरच्या सांगणाऱ्यांना ही वाक्ये का सुचली, हा प्रश्न टाकून देण्यासारखा नाही. कर्णाने भर सभेत द्रौपदीला वेश्या म्हणावे आणि तिची व पांडवांची वस्त्रे काढून घेण्यास दुःशासनाला सांगावे, हे कर्णावर जीव असलेल्या श्रोत्याला सोसणे कठीण होते. कर्णाला एखादे जुने शल्य मिळवून दिले की त्याचे वागणे थोडेफार समजण्याजोगे होते. दुर्योधनाच्या मत्सराचेही तसेच. कारणाची जागा रिकामी दिसली की ती भरण्याची ओढ प्रत्येक पिढीच्या कथेकऱ्याला होतेच, आणि त्यातून कधी कधी उत्तम साहित्यही जन्माला येते. लक्षात घेण्यासारखी गोष्ट एवढीच, की या दोन्ही रिकाम्या जागा भरताना दोष एकाच स्त्रीच्या तोंडी घातला गेला. कर्णाचा संताप आणि दुर्योधनाचा हेवा, दोन्हींचे मूळ तिच्याकडे सरकवले गेले. ही परंपरेच्या मनाची साक्ष आहे आणि तिचा अभ्यास अवश्य व्हावा, पण ती द्रौपदीच्या स्वभावाची साक्ष नव्हे.

अशा भरी अन्यत्रही पडल्या आहेत. लक्ष्मणरेषा वाल्मीकींच्या अरण्यकांडात नाही, आणि ग्रीक वीर अकिलीसची दुबळी टाच होमरच्या इलियड या महाकाव्यात नाही.

न उच्चारलेल्या वाक्यांवर एवढा वाद होत असताना तिने खरोखर उच्चारलेल्या वाक्याकडे चर्चेत कोणी वळलेलेच नाही, हे मला सर्वांत खटकले. द्यूतानंतर तिला आणण्यासाठी प्रातिकामी नावाचा सूत जातो. ती रडत नाही, निमूट निघतही नाही; त्याला परत पाठवते आणि जुगार खेळणाऱ्या त्या राजाला विचारून ये म्हणते, की तू आधी स्वतःला हरलास की मला? प्रातिकामी भर सभेत हा प्रश्न विचारतो आणि युधिष्ठिर निष्प्राण झाल्यासारखा गप्प राहतो. बरे नाही, वाईट नाही, काहीच बोलत नाही. पुढे तिला केस धरून ओढत आणल्यावरही ती तोच प्रश्न लावून धरते. ज्याचे स्वतःवर स्वामित्व उरले नाही तो दुसऱ्याला पणाला लावू शकत नाही, पण पत्नी पतीच्या अधीन असते हेही खरे, म्हणून धर्माची गती सूक्ष्म आहे, असे म्हणून भीष्म हात वर करतात. कौरवांतला धाकटा विकर्ण तेवढा ती जिंकली गेली नाही असे स्पष्ट म्हणतो, तर कर्ण त्यालाच पोरकट ठरवतो. शेवटी अपशकुनांनी घाबरलेला धृतराष्ट्र वर देऊन प्रकरण मिटवतो, आणि ज्या प्रश्नासाठी सारी सभा खोळंबली होती त्याचे उत्तर कोणीच देत नाही. महाभारताचे सूत्र ‘धर्माचा विजय’ या दोन शब्दांत बसवणाऱ्यांनी हा अनुत्तरित प्रश्न कुठे ठेवला, हे मला समजून घ्यायला आवडेल. शांतिपर्वाच्या आरंभी अभिमन्यू आणि द्रौपदीच्या मुलांची आठवण काढून हा विजय आपल्याला पराजयासारखा भासतो असे युधिष्ठिर नारदाला सांगतो, त्याचीही त्यात सोय लावावी लागेल.

आणि कर्णाचे काय? द्रौपदी पहिल्या वराने युधिष्ठिराला आणि दुसऱ्याने उरलेल्या चौघांना रथ-धनुष्यांसह सोडवते, लोभाने धर्माचा नाश होतो असे सांगून तिसरा वर नाकारते, तेव्हा तोच कर्ण म्हणतो की असे कर्म आपण कुठल्याच स्त्रीचे ऐकले नाही, बुडणाऱ्या पांडवांना ती पैलतीरी नेणारी नाव झाली. त्यात पांडवांना डिवचणे आहेच, आणि भीमाला ते झोंबतेही; तरी काही वेळापूर्वी तिला अपशब्द बोललेल्या माणसाच्या तोंडचे हे शब्द आहेत. पुढे उद्योगपर्वात दुर्योधनाला खूश करण्यासाठी पांडवांना कटू बोललो त्याचा ताप होतो, अशी कबुली तो कृष्णाजवळ देतो. असा कर्ण शापित नायकाच्या चौकटीत मावत नाही आणि खलनायकाच्याही नाही.

या चर्चेत पुढे लिहिणाऱ्या लेखकांना आपण एवढीच अट घालावी, की पात्राच्या तोंडचे वाक्य उद्धृत करताना ते कोणत्या संहितेतील व कोणत्या पर्वातील आहे आणि ते निवेदक सांगतो की एखादे पात्र, हे सोबत नमूद करावे. शक्य झाल्यास सभापर्वातील प्रातिकामीपासून दोन वरांपर्यंतच्या भागाचा मराठी अनुवाद पुरवणीत सलग छापावा.

आपला,
एक नियमित वाचक