आधी खाटेचे ब्रेक

सदाशिव पेठ, पुणे ३०

प्रिय सुधाकर,

सप्रेम नमस्कार.

वाईच्या रुग्णालयाची व्यवस्था तू हाती घेतलीस, याचा आनंद झाला. नव्या यंत्रांची तुझी यादी वाचली. परंतु पुण्यातल्या रुग्णालयांत वीस वर्षे यंत्रे दुरुस्त करत हिंडल्यावर माझे मत असे झाले आहे की, यादीच्या आरंभी खाटांच्या चाकांचे ब्रेक लिहावेत, कारण उठताना खाट सरकली की रुग्ण पडतो. रेलिंगचेही तसेच.

मी पूर्वी नोकरीला होतो त्या ठिकाणी एक आजोबा रात्री दोनच्या सुमारास लघवीला उठले आणि खाटेचे रेलिंग ओलांडताना पडले. खुब्याचे हाड मोडले. ‘रेलिंग तर वर होते’ असे जो तो सांगत होता, पण रेलिंग वर होते म्हणूनच ते अधिक उंचीवरून पडले, हे कोणाच्या ध्यानात येईना. भूल न उतरलेल्या रुग्णाला हलवताना रेलिंग हवेच. मात्र भ्रमिष्ट झालेल्या, पण उठून चालू पाहणाऱ्या माणसाला ती चढून जायची भिंत वाटते, आणि गादी व रेलिंग यांच्यातल्या फटीत मान अडकण्याचे भय असते ते वेगळेच. अशांची खाट अगदी खाली उतरवावी, घंटा हाताशी ठेवावी आणि त्यांनी मागण्यापूर्वीच मावशींनी त्यांना शौचालयात नेऊन आणावे.

पडून राहिल्याने होणारे दाबव्रण टाळायला एअर बेड (पंपाने हवा भरणारी गादी) घेतलास तरी साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे सुटत नाही. (त्याच्या पंपाचा प्लग काढून तिथे मोबाईल चार्जिंगला लावलेला मी स्वतः पाहिला आहे!) माकडहाड आणि टाचा सगळेच पाहतात, ऑक्सिजन मास्कच्या पट्ट्याखालचा कान किंवा मांडीखाली दबलेली लघवीची नळी मात्र पाहायची राहून जाते, आणि व्रण तिथेही होतात.

शस्त्रक्रियागृहात कॉटरीची (विजेने कापणाऱ्या व रक्त थांबवणाऱ्या उपकरणाची) रुग्णाच्या अंगाला लावायची प्लेट कोरड्या, मांसल भागावर पूर्ण चिकटलेली असावी, हाडावर किंवा जुन्या जखमेच्या खुणेवर नसावी. कातडीवरचे स्पिरिट वाळल्याखेरीज कॉटरी चालू करू नये, कारण ते पेट घेते. मधुमेहाने बधिर झालेल्या पायांना गरम पाण्याची पिशवी देणे तर बंदच कर.

उपकरणामुळे इजा झाली, तर ते भंगारात न टाकता बाजूला ठेवून त्याचा क्रमांक लिहून घ्यावा. २०१५ पासून अशा घटना कळवण्यासाठी राष्ट्रीय मटेरिओव्हिजिलन्स कार्यक्रम आहे. त्याचे काम गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडून चालते. पण वॉर्डातल्या मामांचा पगार कापलास, तर पुढचे पडणे तुझ्या कानांपर्यंत येणारच नाही, हे लिहून ठेव.

येत्या रविवारी वाईला येतो. एक खाट रिकामी ठेव, ब्रेक लावून ढकलून पाहू.

तुझा,
विनायक