नेपाळला जा, पण त्या बसने नको

प्रिय आई, बाबा,

पत्र मुद्दाम लिहितेय. व्हॉट्सॅपवर एवढं सगळं टाकलं की बाबा नुसता अंगठा पाठवून मोकळे होतात, आणि फोनवर आई मधेच "जेवलीस का" विचारते की विषयच बदलतो. तर विषय नेपाळचा. तुम्ही ज्याच्या बसने जायचं म्हणताय त्या यात्रावाल्याचं पँप्लेट मी दोनदा वाचलं. दहा दिवसांत लुंबिनी, पोखरा, मुक्तिनाथ, काठमांडू, जनकपूर आणि परत जळगाव. बाबा, तुम्ही तीस वर्षं एसटी चालवलीत, तुम्हीच हिशोब करा ना, एवढं सगळं दहा दिवसांत कोंबायचं तर गाडी रात्री पळवावीच लागणार. "रात्रीचा प्रवास" असं त्यात तीन ठिकाणी बारीक अक्षरात लिहिलंय, चष्मा लावून बघा.

मुक्तिनाथला जाऊच नका असं माझं म्हणणं नाहीये हं. आईच्या किती वर्षांपासून मनात आहे मला माहितीय.

आता एक सांगते, ओरडू नका. २०२३ ला मी मैत्रिणींबरोबर गेले होते तेव्हा काठमांडूहून पोखऱ्याला विमानाने गेलो असं सांगितलं होतं, ते खोटं होतं. रात्रीच्या बसने गेलो होतो, हॉटेलचं एका रात्रीचं भाडं वाचेल म्हणून. अंतर जेमतेम २०० किलोमीटर, पण रस्ता रुंदीकरणाचं काम चालू, एका बाजूला उभा कापलेला डोंगर, दुसरीकडे खाली त्रिशूली नदी, कठडा कुठे आहे कुठे नाही. मुगलिंगच्या आसपास जाग आली तर क्लीनर ड्रायव्हरच्या तोंडावर पाण्याचे हबके मारत होता, तेही गाडी चालू असताना. पुढची सगळी रात्र मी समोरची सीट धरून बसले होते आणि मैत्रिणी ढाराढूर.

त्याच हायवेवर, मुगलिंगच्या थोडं पुढे, २३ ऑगस्ट २०२४ ला आपल्या जिल्ह्यातल्या यात्रेकरूंची बस मर्स्यांगदी नदीत कोसळली आणि २७ जण गेले. तुम्हाला आठवण करून द्यायला नकोच, वरणगावला बाबा तुम्ही स्वतः भेटायला जाऊन आलात. ती बस रात्रीची नव्हती, दिवसाढवळ्याची होती. त्याआधी सव्वा-दीड महिना, १२ जुलैला पहाटे, नारायणगढ-मुगलिंग रस्त्यावर दरड आली आणि दोन बस माणसांसकट त्रिशूलीत गेल्या. म्हणजे नुसतं दिवसा जाऊनही भागत नाही, पावसाळाही टाळायचा. जून ते सप्टेंबर तिकडे दरडींचे महिने, नेपाळीत पैह्रो म्हणतात, हा शब्द लक्षात ठेवा, रस्त्यात कुणी "पैह्रो" म्हणालं की गाडीतून उतरून चहा प्यायचा. आणि दसैंच्या, म्हणजे त्यांच्या दसऱ्याच्या, आधीही नको, सगळा देश गावाकडे निघतो, गाड्या खच्चून भरतात. तुम्ही कार्तिकी एकादशी झाली की निघा, आभाळ स्वच्छ असतं.

मग विमान का नको, असं आई विचारणार. पोखऱ्याहून जोमसोमला, म्हणजे मुक्तिनाथच्या अलीकडच्या विमानतळावर, विमान वीसेक मिनिटांत जातं, खरंय. पण ते छोटं विमान दोन डोंगरांच्या मधून जातं, आणि दुपार व्हायच्या आत काली गंडकीच्या खोऱ्यात असा वारा सुटतो की उड्डाणं फक्त सकाळी. मे २०२२ मध्ये ह्याच मार्गावर विमान पडून २२ जण गेले, त्यात ठाण्याचं एक कुटुंब होतं. जानेवारी २०२३ ला पोखऱ्यात उतरता उतरता दुसरं पडलं, ७२ गेले. युरोपने तर २०१३ पासून नेपाळच्या सगळ्याच विमान कंपन्यांना बंदी घातलीय. तरीपण रोज शेकडो लोक जातात आणि सुखरूप येतात, मी काही विमानाच्या नावाने खडे फोडत नाही. पण पोखरा ८०० मीटरवर आणि मुक्तिनाथ ३,७०० च्या वर, सकाळी इथे आणि दुपारी तिथे असं केलं तर आईचं बीपी आणि तुमचं छातीचं दुखणं, नकोच. हेलिकॉप्टरचंही तेच.

माझा प्लॅन ऐका. काठमांडूहून फक्त तुमच्या दोघांसाठी गाडी, सकाळी सातला निघायचं, अंधार पडायच्या आत मुक्कामी. वाटेत डुम्रेजवळ वर बंदीपूर म्हणून छान जुनं गाव आहे, तिथे एक रात्र राहा, एका दमात पोखरा गाठू नका, आईला गाडी लागते हे विसरू नका. पोखऱ्यात दोन दिवस. मग जीप, बेनीवरून तातोपानी, तिथे मुक्काम (गरम पाण्याची कुंडं आहेत, आईचे गुडघे शेकून निघतील), दुसऱ्या दिवशी जोमसोम, तिसऱ्या दिवशी मुक्तिनाथ. जीप स्टँडपासून देवळापर्यंत चढ आहे, घोडा मिळतो, लाजू नका.

आणि दोन दिवस मोकळे ठेवायचे. पूर्ण रिकामे, कुठलंही बुकिंग नाही. बाबा म्हणतील दोन दिवसांचं हॉटेलचं भाडं फुकट. पण परतीची ट्रेन डोक्यावर असली ना की माणूस ड्रायव्हरला "चलो भैया, जल्दी" म्हणतो, मीच म्हटलंय. मला तर त्या देशात ह्या घाईचीच सगळ्यात जास्त भीती वाटते, रस्त्यापेक्षाही.

गाडी बाबा तुम्ही स्वतः बघा. एजंट कितीही गोड बोलला तरी टायर हात लावून बघायचे, आणि ड्रायव्हरला विचारायचं काल रात्री झोपला होता का, कुठून आला. तिकडे हिरवी नंबरप्लेट टुरिस्ट गाडीची, काळी भाड्याची, लाल म्हणजे खाजगी, लालवाला स्वस्तात नेतो म्हणाला तरी बसायचं नाही. आणि कन्नड घाटात तुम्ही मला शिकवलेलं, ज्या गिअरमध्ये चढलो त्याच गिअरमध्ये उतरायचं, तो उतारावर नुसत्या ब्रेकवर गाडी सोडतोय असं वाटलं तर गप्प बसू नका. तुम्ही दुसऱ्याच्या गाडीत बसलात की संकोचता, मी बघितलंय. "बिस्तारै, भाइ" एवढं म्हणायचं, म्हणजे हळू रे बाबा. नाही ऐकलं तर पुढच्या गावात पैसे देऊन उतरा, मी ते पैसे भरेन.

पासपोर्ट दोघांचे घ्या, आधारच्या भरवशावर राहू नका. रोज मुक्कामी पोचलात की मेसेज, तिकडचं घड्याळ आपल्यापेक्षा पाव तासच पुढे असतं, तेव्हा "आता उशीर झाला होता" हे कारण चालणार नाही.

यात्रावाल्याला अॅडव्हान्स दिला नसेल तर देऊ नका, दिला असेल तर मला सांगा, मी बोलते त्याच्याशी.

आई, लोणचं काचेच्या बरणीत नेऊ नकोस, बेनीच्या पुढे ती टिकणार नाही.

तुमची,
पिंकी